निकीचे एकवीस दिवस

पुणे,
२९ ऑक्टोबर २०२५

ती. काका,

नमस्कार. काकूशी सकाळी फोनवर बोलले. तुमच्याशी बोलायचं म्हणजे निम्म्या गल्लीला ऐकू जाईल इतकं ओरडावं लागतं, आणि आमच्या मालकीणबाई आधीच मला खोली सोडायला सांगायच्या बेतात आहेत. म्हणून हे पत्र.

काकू म्हणाली, उमरग्याचे पाहुणे ९ तारखेच्या रविवारी मला बघायला येणार. काका, मला येता येणार नाही. ३ तारखेला आमच्या प्रयोगशाळेत नवी चाचणी सुरू होते आणि ती माझ्याकडे दिली आहे. पिकावर फवारायचं एक नवं बुरशीनाशक आहे. त्याचं नाव आम्हालाही सांगत नाहीत, नुसता नंबर असतो. फवारलेलं औषध पावसानं ओढ्यात आणि तळ्यात जाणारच. तिथल्या बारक्या जिवांना ते लगेच मारत नाही, एवढं आधीच बघून झालंय. पण थोडं थोडं रोज अंगावर घेत जगावं लागलं तर त्यांचं काय होतं, ते एकवीस दिवस बघायचं.

हा जीव म्हणजे डॅफ्निया. जन्मतो तेव्हा राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, आरपार दिसणारा, पाण्यात सारख्या उड्या मारणारा. नारूच्या साथीत तुम्ही बारवेत औषध टाकून जे किडे मारायचात, त्यांच्याच भावकीतला. तुम्ही जन्मभर मारले, मी आता सांभाळते. घराण्याचं पाप फेडतेय म्हणा.

काचेची साठ भांडी, प्रत्येकात एक मादी. नर लागत नाही, तिला एकटीलाच पिल्लं होतात. दहा-दहाच्या सहा रांगा. पहिल्या रांगेत साधं पाणी, मग रांगेगणिक औषध वाढत जातं. सहावी रांग सगळ्यात कडक. रोज प्रत्येकीची पिल्लं मोजायची, बाजूला काढायची, लिहायची. एक दिवस जरी चुकला तरी सगळं वाया, परत पहिल्यापासून. आणि हे माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणारं नाही. सोनाली म्हणून एक मुलगी जोडीला आहे, पण तिचं काम वेगळं. तेव्हा २४ तारखेपर्यंत मला इथून एक दिवससुद्धा उठता येत नाही. पाहुण्यांना तसं कळवा. काकू रुसेल. तिला तुम्हीच समजवा.

तुमची,
निकी

*

वाडी, ता. लोहारा,
३ नोव्हेंबर २०२५

चि. निकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. उमरग्याला निरोप दिला. ते म्हणाले, बघू पुढं. न का बघेनात. मला तुझ्या कामाचा आनंद झाला आणि तो कुणापाशी बोलून दाखवावा असं इथं कुणी नाही, म्हणून तुलाच लिहितो.

चुकवायचं नसतं म्हणजे काय, ते मला सांगायला नको. आम्ही आरोग्य खात्यात होतो तेव्हा दर बारवेत महिन्याच्या महिन्याला औषध टाकायचं. नारू म्हणजे पाण्यातून पोटात जाऊन वर्षभरानं पायातून हातभर दोऱ्यासारखा निघणारा किडा. माणूस तीन-तीन महिने अंथरुणाला खिळायचा. एक पाळी चुकली की बारवेतले जीव पुन्हा वाढायचे आणि वर्षाची मेहनत मातीत. माझे वडील वारले तेव्हा त्यांचा दहावा आणि तीन बारवांची पाळी एकाच दिवशी आली. मी बारवांवर गेलो. भावकीनं वर्षभर माझ्याकडं तोंड वळवलं. पण त्या साली त्या तीन गावांत एकही नारू निघाला नाही. तुझ्या काकूशिवाय हे कुणाला पटलं नव्हतं. तेव्हा तू बस तिथंच. हे आपल्यासाठी अनुष्ठानच आहे असं समज.

काकू रुसली आहे. म्हणते, "तिला इचारा, नवरा काय किड्यापरीस वंगाळ असतुया व्हय?" पण काल शेजारच्या श्रीमंतच्या बायकोला तुझ्या साठ भांड्यांचं असं वर्णन करून सांगत होती की जणू तीच मोजायला बसणार आहे. तिला जरा खोकला आहे. लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. काळजी नसावी.

तुझा,
महारुद्र काका

*

पुणे,
८ नोव्हेंबर २०२५

ती. काका,

पत्र मिळालं. आजोबांच्या दहाव्याची गोष्ट तुम्ही मला कधीच सांगितली नव्हती. दोनदा वाचली.

आज पाचवा दिवस. अजून एकीलाही पिल्लं नाहीत, आठव्या-नवव्या दिवशी व्हायला लागतील. तोवर त्या नुसत्या खातात, कात टाकतात आणि वाढतात. हिरवं शेवाळ मोजून घालते, प्रत्येकीला सारखंच. हवा वीस अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, त्यामुळे त्या खोलीत मी कानटोपी घालून बसते. काकूनं मला असं बघितलं तर दोन शिव्या आणि एक गोधडी देईल.

काकूचा आवाज काल फोनवर फार दमलेला वाटला. दोन वाक्यं बोलून थांबत होती. विचारलं तर म्हणाली, "पायऱ्या चढून आले." काका, आपल्या घराला पायऱ्या दोनच आहेत. लोहाऱ्यावर थांबू नका, उमरग्याला नेऊन नीट दाखवा. छातीचा फोटो काढा. माझ्यासाठी एवढं करा.

निकी

*

वाडी,
१३ नोव्हेंबर २०२५

चि. निकीस आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं काकूला उमरग्याला नेलं. दोन दिवस ठेवून घेतलं, काल घरी आणली. हृदय थोडं अशक्त आहे म्हणतात, म्हणून दम लागतो. औषधं चालू आहेत. फोन मात्र बंद पडला आहे. दवाखान्याच्या मोरीत पाण्यात पडला. श्रीमंत लोहाऱ्याला जाईल तेव्हा दुरुस्तीला देईल. तोवर पत्रावरच भागवू.

काकू अंथरुणात बसून तुझी पत्रं माझ्याकडून वाचून घेते. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी मोठ्यानं वाचतो आणि ती हातानं "हळू, हळू" करते. रोज सकाळी दोन बोटं नाचवून विचारते, आज कितवा? मी पाटीवर लिहून दाखवतो. आज दहावा. म्हणजे पिल्लं झाली असतील. किती झाली, कळव.

तिनं एक विचारायला सांगितलं आहे. तिचे शब्द तिनं पाटीवर लिहून दिले, तसेच उतरवतो. "ज्यांना पिल्लंच होनार न्हाईत त्यांचं काय करतीस? त्यांना खायला सारखंच घालतीस का कमी?" याचं उत्तर ती रोज मागते, तेवढं विसरू नको.

तू मन लावून काम कर. इथं मी आहे.

काका

*

पुणे,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. काका,

तुमचं पत्र आज आलं. चार दिवस फोन लावतेय, लागत नाही. शेवटी श्रीमंतकाकांना लावला. ते "बरं हाय, बरं हाय" म्हणाले आणि ठेवून दिला. ते एवढे कमी कधी बोलतात?

काकूला सांगा, सगळ्यांना सारखंच खायला घालते. मोजून. पिल्लं होवोत न होवोत, कुणाच्या वाट्याचं एक थेंबही कमी नाही.

आज चौदावा दिवस. पहिल्या रांगेत, साध्या पाण्यातल्या, भरभरून व्याल्या आहेत. एकेकीला एका वेळी पंधरा-वीस. चौथ्या रांगेपासून कमी होतात. सहाव्या रांगेत काहीच नाही. त्यातली एकही मेलेली नाही, काका. चांगल्या पोहतात, खातात, दिसायलाही तशाच. नुसतं बघून कुणाला कळणार नाही की त्यांचं काही बिनसलंय. एकवीस दिवस बसल्याशिवाय हे कळलं नसतं. सुरुवातीच्या चाचणीत हे औषध निर्धोक ठरलं होतं.

त्या रांगेपाशी मी जास्त वेळ थांबते. मला तिथून उठवत नाही. काकूला हे सांगू नका, किंवा सांगा, तुम्हाला ठीक वाटेल तसं.

तिच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. मग मला झोप येईल.

निकी

*

वाडी,
२० नोव्हेंबर २०२५

चि. निकी,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मी ते मोठ्यानं वाचलं. घरात माणसं बरीच आहेत, तीही ऐकत होती. सगळ्यांना सारखं खायला घालतेस हे वाचल्यावर श्रीमंतची बायको डोळ्याला पदर लावून बाहेर गेली.

काकूच्या दोन ओळी मागितल्यास. आज नको. तिला आता उठवत नाही.

आज सतरावा. चार राहिले. नीट मोज.

काका

*

वाडी,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. निकी,

आज तुझा एकविसावा दिवस. हे पत्र आज पेटीत टाकतो, म्हणजे तुझं काम पुरं झाल्यावरच तुझ्या हातात पडेल. बसून वाच.

तुझी काकू मंगळवारी, १८ तारखेला, पहाटे गेली. उशाशी मीच होतो. श्वास लागला होता, तो हळूहळू लहान झाला. अग्नी मी दिला.

उमरग्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सोलापूरला न्या, आणि ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. ती सोलापूरला यायला तयार झाली नाही. मी श्रीमंतला म्हटलं, निकीला फोन लाव. तर तिनं माझा हात धरला. मला ऐकू यावं म्हणून सगळा जीव एकवटून कानाशी बोलली. "तिचे दिस मोडू नका. म्या गेले तरी कळवू नका. ऐकलं की सुतक लागतंय. सुतकात ती पोर मोजंल कशी?" नंतर रोज दोन बोटं नाचवायची, आज कितवा. सोमवारी मी चौदावा दाखवला. तिनं सात बोटं वर केली आणि हसली.

फोन पाण्यात पडला नव्हता. मी काढून ठेवला. श्रीमंतला मीच गप्प राहायला सांगितलं. भावकीतल्या बायका मला वाटेल ते बोलल्या. लेकीसारखी वाढवलेली पोर, शेवटचं तोंड बघायला नको का, म्हणाल्या. मी म्हटलं, ती कामावर आहे. माझ्या वडिलांच्या वेळी हे एकट्या माझ्या बायकोला कळलं होतं. तिच्या वेळी मला कळायला नको?

एकदा मनात आलं, आपलं चुकतंय. गेल्या शनिवारी बस गाठून तुझ्याकडं यायला निघालो होतो. स्टँडवरून परत आलो. तिनं घातलेली शपथ होती.

दहावा गुरुवारी आहे. तो तुला मिळणार नाही. तेरावा रविवारी, ३० तारखेला. त्याला ये.

काका

*

पुणे,
४ डिसेंबर २०२५

ती. काका,

तेराव्याला चार दिवस तुमच्यासमोर होते आणि हे सांगता आलं नाही. तुम्हाला सांगायचं म्हणजे ओरडावं लागलं असतं, आणि घर भावकीनं भरलेलं होतं. पाटी तुमच्या खाटेखाली होती. मी ती दोनदा हातात घेतली आणि परत ठेवली.

काका, मी खोटं बोलले होते.

दिवस चुकवता येत नाही हे खरं आहे. पण माणूस बदलता येतो. सोनालीला हे काम माझ्याइतकंच येतं. रजिस्टरमध्ये आम्हा दोघींच्या सह्या आहेत आणि रविवार तिचे होते. ९ तारखेला, पाहुणे यायचे होते त्या दिवशी, मी खोलीवर झोपले होते. १६ तारखेच्या रविवारीही मी खोलीवरच होते. शनिवारी संध्याकाळी गाडीत बसले असते तर रविवारी सकाळी काकूजवळ पोचले असते. तेव्हा काकू होती. ती मला दिसली असती, बोलली असती. मी त्या रविवारी कपडे धुतले.

तुम्हाला वाटेल, असं का केलं. मला लग्न नको होतं असं नाही. दिवाळीत जे पाहुणे येऊन गेले ते आठवतात? त्यांच्यातल्या थोरल्या बाईनं माझी ओटी भरायची वेळ आली तेव्हा काकूच्या हातातलं ताट काढून घेतलं. म्हणाली, "तुमी ऱ्हाऊ द्या. लेकुरवाळी कुनी असंल तिला बोलवा." तुम्ही बाहेर बसला होता. काकू हसत हसत आत गेली आणि चहाचे कप विसळत बसली. त्यांचा नकार आला तरी मला बरंच वाटलं. आणि पंधरा दिवसांत ती नवे पाहुणे बोलवत होती. पुन्हा ते ताट, पुन्हा तिचं ते हसणं. मला ते बघायचं नव्हतं. तिला हे तोंडावर सांगायचीही हिंमत नव्हती. म्हणून एकवीस दिवसांच्या आड लपले.

मग तुम्ही आजोबांच्या दहाव्याचं लिहिलंत. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मला लाज वाटली. तिचा आवाज दमलेला ऐकला, तेव्हाही वाटलं की आता निघाले तर माझं खोटं उघडं पडेल. म्हटलं, होईल बरी. इतकी क्षुद्र गोष्ट होती, काका. तिच्यापायी मी काकूला घालवलं.

चाचणीचा अहवाल गेला. सहाव्या रांगेमुळे ते औषध आहे तसं मंजूर होणार नाही. साहेबांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

मला रागवा. गप्प राहू नका.

निकी

*

वाडी,
१० डिसेंबर २०२५

चि. निकी,

पत्र मिळालं. एकदा वाचलं आणि चुलीत घातलं. श्रीमंतची बायको भाकरी घेऊन येते, ती कागद उचलून बघते. तिच्या हाती लागायला नको होतं.

रागवा म्हणतेस. राग आला. दोन दिवस जेवलो नाही. तुझ्यावर आला, मग माझ्यावर आला. तू एक वाक्य लिहिलंस आणि मी त्याच्यावर तिचा सगळा जीव ठेवला. एकदा विचारलंसुद्धा नाही की बाळा, दुसरं कुणी नाही का मोजायला. आमच्या वेळी दुसरं कुणी नसायचं, म्हणून तुझ्याही वेळी नसेल असं धरून चाललो. बहिऱ्या माणसाला आपलंच ऐकू येतं.

त्या ताटाचं मला तू सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नाही. असं तिच्या जन्मात किती वेळा झालं असेल, तेही तिनं सांगितलं नाही. आता विचारायला ती नाही.

माफ केलं असं आज लिहीत नाही. खोटं होईल. ते होईल तेव्हा होईल, त्याची वाट बघू नको, घरी येत जा.

पण एक सांगतो, ते ऐक. तिला पोर नव्हतं. आई म्हणून काही सोडावं लागतं, काही राखावं लागतं, ते तिच्या वाट्याला कुणी येऊ दिलं नाही. शेवटच्या आठ दिवसांत ते तिला मिळालं. तुझं तोंड बघायचं तिनं स्वतः सोडलं, तुझं काम राखायला. बायका तिच्यापुढं रडल्या तर ती त्यांना म्हणायची, "रडू नगा. माजी लेक मोठ्या कामाला बसलीया." लेक म्हणायची. तुझं नाव घ्यायची नाही. इतक्या तोऱ्यात मी तिला कधी बघितलं नव्हतं. ते ज्या गोष्टीवर उभं होतं ती खोटी होती, हे मला आता कळलं. तिला कळलं नाही. कळू द्यायचं नाही.

१८ तारखेला तिला महिना होतो. तू ये. भावकीतल्या बायका तुला गाठतील, घालूनपाडून बोलतील, एक दिवस निघायला काय झालं होतं म्हणून विचारतील. रडू नको आणि माफीही मागू नको. त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन सांग, उठताच येत नव्हतं. तू सांगशील तेव्हा मी तुझ्या शेजारी बसलेला असेन, आणि मान हलवीन.

तुझा,
काका